लॉन्ड्री बंद ठेवलेली सकाळ

समुद्रकाठच्या त्या हॉटेलात उतरणाऱ्या फार थोड्या पाहुण्यांना ठाऊक असतं, की आपण जेवतो त्या दालनाच्या खाली स्वयंपाकघर आहे आणि त्याच्याही खाली लॉन्ड्री. लॉन्ड्रीला खिडकी म्हणावी अशी खिडकी नाही. छताला लागून काचेची एक अरुंद पट्टी आहे, तिच्यातून फुटपाथवरून जाणाऱ्यांची पावलं तेवढी दिसतात. दिवसभर बॉयलर धडधडत असतो, धुलाईची मशिनं गरगरत असतात, आणि वाफेनं हवा इतकी जड झालेली असते, की नवी आलेली बाई पहिल्या आठवड्यात घडोघडी जिन्यात जाऊन उभी राहते. बऱ्याच जणी तिथूनच घरी जातात. उरतात त्या मग जन्मभर उरतात.

मावशी उरल्या होत्या. लग्न होऊन या गावात आल्या त्याच वर्षी इथे चादरींच्या घड्या घालायला लागल्या. तेव्हा त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. सगळ्यांत लहान, म्हणून ‘ए पोरी’ होत्या. घड्यांवरून चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर गेल्या, रोलरवरून डाग काढायच्या टेबलावर, आणि शेवटी मुकादम झाल्या. मुकादमाला खुर्ची होती. त्या खुर्चीवर मावशींनी उशांचे अभ्रे ठेवायला सुरुवात केली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मोठ्या आवाजात बोलायची त्यांना सवय होती, कारण मशिनांच्या वर आवाज चढवल्याशिवाय तिथे कुणाला काही ऐकू जायचं नाही. घरीही त्या तशाच बोलायच्या. शेजारच्यांना त्यांच्या घरात काय चाललंय ते नेहमी माहीत असायचं.

आता या गावाची गोष्ट अशी, की खाडीच्या पलीकडे, नजरेच्या टप्प्यात, रॉकेटचा उड्डाणतळ आहे. रॉकेट सुटायचं असलं की लांबलांबून माणसं येतात, हॉटेलं भरतात, रस्त्यावर गाडी लावायला जागा उरत नाही. आणि हॉटेल भरलं म्हणजे चादरी दुप्पट, टॉवेल तिप्पट, रजा बंद. म्हणून गावातला न्हावी बघतो, शाळा बघते, पोस्टातले लोक काम टाकून बघतात, आणि लॉन्ड्रीतल्या बायका मात्र तेवढ्याच वेळी हटकून तळघरात असतात. त्यांना रॉकेट कळायचं ते पायांखालून. आधी टांगलेल्या हँगरांची किणकिण सुरू व्हायची. मग कपडे खळबळायच्या टाकीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठायच्या, पायांखालची फरशी गुदगुल्या केल्यासारखी थरथरायची. बायका क्षणभर हात थांबवायच्या. कुणीतरी म्हणायचं, “गेलं वाटतं.” आणि रोलर पुन्हा चालू.

मावशींचे मिस्टर बोटी रंगवायचे. धक्क्यावरच काम, त्यामुळे त्यांनी गावातलं जवळजवळ प्रत्येक उड्डाण पाहिलेलं होतं. पण हा गृहस्थ बोलण्यात महाकंजूष. लग्नानंतर पहिल्यांदा मावशींनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं होतं, “कसं असतं हो?” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “वर जातं.” यापलीकडे त्यांच्या तोंडून कधी काही निघालं नाही.

बाहेरच्या कुणी मावशींना रॉकेटबद्दल विचारलं, तर त्या नाक मुरडायच्या. “त्यात काय बघायचंय? नुसता धूर असतो. धूर बघायचा तर आमच्या भट्टीत या.” लोक हसायचे. विषय संपायचा.

मावशींच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, तेव्हा एक मोठं उड्डाण ठरलं. या वेळी रॉकेटमधून माणसं जाणार होती. गावात मुंगीला शिरायला जागा राहिली नाही. आणि मावशींच्या दोन खोल्यांच्या घरी त्यांच्या थोरल्या नणंदबाई येऊन दाखल झाल्या.

या वन्सं म्हणजे शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा आवाज. नोकरी संपली तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. येताना त्यांनी घडीची खुर्ची आणली, दुर्बीण आणली, रुंद कडांची टोपी आणली, आणि आल्याआल्या भावाला सांगितलं, “मी आयुष्यभर लोकांना ‘एक, दोन, तीन’ म्हणून पळवलं. आता ते उलटं म्हणतात तेव्हा काय होतं ते बघायला आले आहे.”

त्या नि मावशी एका घरात म्हणजे दोन भोंगे एका खोलीत. मिस्टर पहिल्याच संध्याकाळी रंगाचे डबे आवरायचं निमित्त काढून धक्क्यावर गेले ते जेवायलाच आले.

पहिल्या दिवशी वन्सं पहाटे निघाल्या आणि दुपारी हात हलवत परत आल्या. वारा फार होता, उड्डाण पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी कुठली तरी झडप नीट बसत नव्हती म्हणे. पुन्हा पुढे ढकललं. त्या संध्याकाळी मावशी कामावरून आल्या तेव्हा वन्सं बादलीत पाय सोडून बसल्या होत्या.

“दमलात ना?” मावशी म्हणाल्या. “मी सांगते, काही नसतं त्यात. नुसता धूर.”

“तू कधी बघितलास?” वन्संनी विचारलं.

“काय?”

“धूर.”

मावशींनी पिशवी खुंटीला लावली. मग चहाचं आधण ठेवलं. मग कपबशा पुसल्या, ज्या कोरड्याच होत्या.

“वहिनी, मी विचारलं काहीतरी.”

“नाही बघितला,” मावशी म्हणाल्या.

“इतकी वर्षं इथे राहतेस, आणि एकदाही नाही?”

तेव्हा मावशींनी जे कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. नोकरी लागल्यावर पहिलंच उड्डाण होतं. त्या वेळच्या मुकादमीणबाई बऱ्या होत्या. म्हणाल्या, ‘पळ पोरी, बघून ये, आम्ही सांभाळतो.’ ही पोरगी नोकरांच्या जिन्यानं धावत सुटली, ती थेट गच्चीच्या दारापर्यंत. दार काचेचं. पलीकडे पाहुणे उभे होते, सगळ्यांच्या पाठी इकडे. तिनं दार ढकललं तर पलीकडून एका वाढप्यानं हात लावून धरलं. पांढरे हातमोजे होते त्याच्या हातात. तो रागावला नाही, उलट हळूच बोलला. म्हणाला, ‘ताई, ही गच्ची पाहुण्यांची. आणि अंगावर ओला ॲप्रन आहे तुमच्या. खाली व्हा.’ तेवढ्यात बाहेर उजेड पडला. त्या सगळ्या पाठी एकदम उजळल्या, टोप्या वर झाल्या. तिला दिसलं ते एवढंच.

“खाली आले तर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलंस,” मावशी म्हणाल्या. “मी म्हटलं, नुसता धूर असतो. तेव्हापासून तेच म्हणते आहे.”

मिस्टर कोपऱ्यात ब्रश धूत बसले होते. त्यांचा हात थांबला. पण बोलल्या वन्संच.

“उद्या परत लावलंय उड्डाण. सकाळी, चांगलं उजाडल्यावर. तू यायचंस.”

“आणि लॉन्ड्री कोण बघणार?”

“लॉन्ड्रीतल्या बाकीच्या बायकांनी बघितलंय का कधी?”

“त्या कुठून बघणार?”

“मग सगळ्यांनीच या,” वन्सं इतक्या सहज म्हणाल्या, की जणू सगळा वर्ग मैदानावर न्यायचा होता.

मावशी हसल्या. लॉन्ड्री बंद ठेवायची, ही कल्पनाच हसण्यासारखी होती. पूर आला होता तेव्हाही लॉन्ड्री बंद राहिली नव्हती. पण अंथरुणावर पडल्यावर ते हसू कुठल्या कुठे गेलं, आणि डोळा लागेपर्यंत त्यांच्या डोक्यात टॉवेलांचा हिशेब चालू राहिला: काय आधी धुतलं तर काय नंतर चालेल.

सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर पोचल्या. बॉयलरवाले काका एकटेच आले होते. हे काका त्यांच्याइतकेच जुने. बॉयलरशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. मावशींचा आवाज तेवढा त्यांना पोचायचा, आणि तोही अर्धा ओठ बघून.

“काका, बॉयलर मध्येच थंड करायचा झाला तर?”

“काय बिघडलंय?” काकांचा चेहरा पडला.

“बिघडलं काही नाही. रॉकेट बघायला जायचंय. सगळ्यांनी.”

काकांनी ते पुन्हा म्हणायला लावून ओठ नीट बघून घेतले. मग वाफेच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “वाफ सोडून द्यावी लागेल. परत चढायला वेळ लागेल. साहेब ओरडतील.”

“तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे?”

काका गालातल्या गालात हसले आणि त्यांनी बाह्या वर केल्या.

बायका येत गेल्या तसतसं मावशींनी प्रत्येकीला सांगितलं. रोलरवरच्या जाड्या बाईला आधी वाटलं चेष्टा आहे. डागांच्या टेबलावरची, जिला सगळ्या ‘डागवाली’ म्हणायच्या आणि जी स्वतः कायम चट्टेरीपट्टेरी फिरायची, ती म्हणाली, “नोकरी गेली तर?” मावशी म्हणाल्या, “नाव माझं सांग. माझी तशीही संपतच आलीय.” यानंतर त्या सकाळी लॉन्ड्रीत जे काम झालं ते कुणी पाहायला हवं होतं. कुणी कुणाशी बोललं नाही. टॉवेलांचे ढीग एका बाजूनं वितळत गेले आणि दुसऱ्या बाजूला घड्या होऊन उभे राहत गेले. नाश्त्याच्या वेळेआधी सगळ्या मजल्यांचे टॉवेल गाड्यांवर चढले होते. चादरी मात्र राहिल्या होत्या, आणि त्या राहणारच होत्या.

मग मावशी वर मॅनेजरसाहेबांकडे गेल्या.

हे साहेब वाईट नव्हते. वयानं मावशींच्या मुलासारखे, नेहमी घाईत, नेहमी कानाला फोन. कुणाला नाही म्हणायचं असलं की आधी ‘तुम्ही तर घरच्याच’ म्हणायची त्यांना सवय होती.

मावशींचं ऐकून घेताना त्यांनी पहिल्यांदाच फोन खाली ठेवला.

“मावशी, तुम्ही तर घरच्याच आहात,” ते म्हणाले. “पण आजचा दिवस बघा ना. एकही खोली रिकामी नाही. पाहुणे गच्चीवरून खाली आले की त्यांना खोल्या आवरलेल्या लागतील. पुढच्या खेपेला बघू आपण काहीतरी.”

“पुढच्या खेपेला पण हॉटेल भरलेलंच असेल, साहेब.”

“तेच तर म्हणतोय. हॉटेल भरलेलं असताना लॉन्ड्री बंद कशी ठेवायची?”

“टॉवेल सगळे वर गेलेत. चादरी दुपारी मिळतील.”

“आणि गच्चीवर जागा नाही हो. पाहुण्यांनाच पुरत नाहीये.”

“गच्ची नकोच आम्हाला. मागच्या जुन्या धक्क्यावर जातो.”

“मावशी, नाही म्हणजे नाही. मी परवानगी देऊ शकत नाही.”

आयुष्यात मावशींनी कुठल्या साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. तशी वेळच येऊ दिली नव्हती. पण आता आवाज आपोआप निघाला, आणि लॉन्ड्रीतला निघाला. बाहेरच्या काउंटरवर उभे असलेले पाहुणे वळून बघायला लागले.

“परवानगी मागायला नाही आले, साहेब. सांगायला आले. बॉयलर थंड होतोय. तुम्हाला जे करायचं ते करा, पण आम्ही परत आल्यावर.”

आणि साहेबांना पुढचं वाक्य सुचायच्या आत त्या जिना उतरल्या.

खाली काकांनी झडप उघडली होती. छपरावरच्या नळीतून वाफेचा एवढा मोठा पांढरा लोट निघाला, की गच्चीवरच्या काही पाहुण्यांना वाटलं रॉकेट इकडूनच सुटतंय, आणि त्यांनी भराभर फोटो काढले. काटा खाली खाली आला. एक एक मशीन थांबलं. शेवटी रोलर थांबला.

आणि लॉन्ड्री शांत झाली. भर सकाळी, कामाच्या वेळी, नळाचा एक एक थेंब ऐकू येईल इतकी शांत. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. डागवाली काहीतरी बोलायला गेली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली, कारण ती सवयीनं ओरडली होती. मग सगळ्यांनाच हसू फुटलं.

“चला,” मावशी म्हणाल्या. “ॲप्रन राहू द्या अंगावर.”

मागच्या दारानं निघून, कचऱ्याच्या पेट्यांच्या बाजूनं, ती वरात किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. रस्ता गाड्यांनी तुंबला होता. पलीकडे वन्सं टोपी घालून उभ्याच होत्या. त्यांनी बायकांना पाहिलं, शिट्टी तोंडात धरली, हात आडवा केला, आणि एक शिट्टी अशी मारली की दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, “तुम्ही पोलीस का?” वन्सं म्हणाल्या, “तुम्हाला थांबायला सांगितलंय ना?” तो थांबला.

जुन्या धक्क्यावर आता बोटी लागत नव्हत्या, म्हणून गर्दी बेताची होती. वन्संनी टोकाची जागा पहाटेपासून अडवून ठेवली होती. एका कुटुंबाला तर त्यांनी खुर्चीनं हुसकावलं होतं. समोर खाडीचं करडं पाणी, आणि पार पलीकडे, बोटभर उंचीचं, पांढरं काहीतरी उभं होतं.

“तेच का?” रोलरवाल्या बाईनं विचारलं.

“तेच.”

“एवढंसं?”

वन्संनी तिला दुर्बीण दिली. दुर्बीण हातोहात फिरली. मावशींच्या हातात आली तेव्हा त्यांना काचेत आधी आपलेच ओले पापणीचे केस दिसले, मग पाणी दिसलं, आणि मग ते. त्याच्या अंगावरून थंड वाफ ओघळत होती. त्याच्या टोकाला, त्या इवल्याशा जागेत, माणसं बसलेली होती. त्यांच्याही घरची माणसं कुठेतरी अशीच उभी असतील, हा विचार त्यांना तेव्हा पहिल्यांदा आला.

शेजारच्या कुणाच्या तरी रेडिओवर उलटी मोजणी चालू होती. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मोजणी थांबली.

रेडिओवरचा माणूस म्हणाला, काहीतरी तपासून घेत आहेत, वाट पाहा. धक्क्यावर एक लांब सुस्कारा पसरला. काही जण लगेच खुर्च्या घडी करायला लागले. दोन दिवसांत सगळ्यांना अनुभव आला होता. वाऱ्यानं ॲप्रन गारठले. बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागल्या.

आणि तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. किनाऱ्याच्या रस्त्यानं धापा टाकत, टाय वाऱ्यानं खांद्यावर गेलेला.

“मावशी, झालं ना आता? गच्चीवरचे पाहुणेही खाली उतरायला लागलेत. आज काही ते सुटत नाही. चला, अजून वेळ गेलेली नाही. बॉयलर चालू करा, मी काही बोलणार नाही.”

डागवालीनं मावशींची बाही ओढली. “जाऊ या का, मावशी? साहेब स्वतः आलेत.”

मावशींना त्या क्षणी खरंच काही कळेना. रॉकेट सुटलं नाही तर? आपण या सगळ्यांच्या पोटावर पाय आणला, आणि कशासाठी, तर पाण्यापलीकडे उभा असलेला एक पांढरा खांब बघायला. गावभर हसं होईल ते वेगळंच. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मिस्टर कधी येऊन मागे उभे राहिले होते ते त्यांना कळलंही नव्हतं. हाताला निळा रंग, ब्रश अजून हातातच. आयुष्यभर धक्क्यावरून आकाश बघितलेला माणूस. त्यांनी वारा बघितला, समोर बघितलं, आणि न विचारता म्हणाले, “जाईल आज. थांब तू.”

त्यांच्या मानानं हे भाषणच होतं.

“आम्ही थांबतो, साहेब,” मावशी म्हणाल्या. “तुम्हीही थांबा. दमलाय.”

वन्संनी आपली घडीची खुर्ची साहेबांच्या मागे सरकवली आणि त्यांच्या खांद्यावर असा हात ठेवला, की ते बसलेच.

वाट बघणं फार लांबलं. मग रेडिओवरचा आवाज बदलला. मोजणी पुन्हा सुरू झाली. या वेळी धक्क्यावर कुणी खुर्ची घडी केली नाही, कुणी खोकलंही नाही. शेवटचे आकडे वन्संनी मोठ्यानं म्हटले. त्यांच्यामागून रोलरवालीनं, मग डागवालीनं, मग सगळ्यांनीच.

पलीकडे, पाण्याच्या रेषेवर, उजेड पेटला.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज आलाच नाही. नुसता उजेड, इतका पिवळा आणि इतका घट्ट, की त्याच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना. खालून धूर दोन्ही बाजूंना लोळत सुटला. आणि ते हललं. मावशींना वाटलं होतं बाण सुटावा तसं सुटेल. पण ते सावकाश उठलं, एखादं भरलेलं, जड घमेलं डोक्यावर घेऊन बाई उठते तसं, तोल सांभाळत, आणि उठल्यावर मग चाल धरली. खाडीवरचे सगळे पक्षी एकदम उडाले. मग आवाज पाण्यावरून चालत आला. ओली चादर दोघींनी टोकं धरून झटकली की कसा फटका उठतो, तसे हजारो फटके, एकात एक, थांबायचं नाव नाही. तो कानांतून आत शिरला आणि छातीच्या पिंजऱ्यात घुमायला लागला. धक्क्याचा कठडा हाताखाली थरथरत होता.

काकांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले होते. त्यांनी एक हात उचलून आपल्या छातीवर ठेवला.

“ऐकू येतंय,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. “मला ऐकू येतंय.”

मावशींनी मान वर केली होती. ते आता डोक्याइतकं उंच झालं होतं, आता त्याच्याही वर, आता ढगाच्या एका तुकड्यात घुसलं आणि ढग आतून दिव्यासारखा उजळून गेला, आणि ते पलीकडून बाहेर पडलं. मान मागे, आणखी मागे. मध्ये कुणाची पाठ नव्हती. काच नव्हती. मावशींना आपण हसतोय हे उशिरा कळलं. आणि नुसतं हसत नव्हत्या, तोंड उघडून, लॉन्ड्रीतल्या सगळ्या मशिनांच्या वर जाणाऱ्या त्या आवाजात त्या ‘जा, जा’ म्हणून ओरडत होत्या. शेजारी वन्सं ओरडत होत्या. दोन्ही भोंगे एकदम वाजत होते, आणि तरी त्या दोघींना एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं.

ते ठिपका झालं. ठिपका गेला. धुराची वाट तेवढी आकाशात वळत राहिली. रेडिओवरचा माणूस सांगत होता की सगळं व्यवस्थित आहे, माणसं सुखरूप आहेत, पोचली वर. धक्क्यावर अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. डागवाली रडत होती आणि ॲप्रननं डोळे पुसल्यामुळे तिच्या डोळ्यांत साबण जाऊन आणखीच रडत होती.

साहेब खुर्चीतून केव्हाच उठले होते. खिशात फोन वाजत होता, वाजून थांबत होता, परत वाजत होता. त्यांचं लक्षच नव्हतं.

“साहेब, तुम्ही नेहमी गच्चीवरून बघता ना?” मावशींनी विचारलं.

“गच्चीवर मी पाहुण्यांकडे बघत असतो,” ते म्हणाले. मग त्यांनी टाय पुढे घेतला. “चादरी दुपारपर्यंत होतील म्हणालात ना?”

“होतील.”

झाल्या. जेवणाच्या टेबलांवरचे रुमाल तेवढे उशिरा गेले. एका पाहुण्यानं तक्रार केली, तेव्हा साहेबांनी त्याला सांगितलं, “आज थोडं चालवून घ्या. आमची लॉन्ड्री रॉकेट बघायला गेली होती.” पाहुणा हसला आणि त्यानं दुसरं काहीतरी मागवलं. नोकरी कुणाचीच गेली नाही. उलट पुढचं उड्डाण जवळ आलं तेव्हा साहेब आदल्या दिवशी स्वतः तळघरात उतरले, वाफेनं धुरकटलेला चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, “मावशी, उद्या किती वाजता बंद करताय? म्हणजे मला तसं वर सांगून ठेवता येईल.” मावशी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी रोलरवाली बाई मुकादम झाली, पण ही रीत राहिली. उड्डाणाच्या सकाळी छपरावरून पांढरी वाफ निघाली की गावातले लोक आता म्हणतात, लॉन्ड्री निघाली.

पण त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. मावशी घरी आल्या तेव्हा पाय सुजले होते, आवाज बसला होता. वन्संची पिशवी भरून तयार होती. दुसऱ्या दिवशी त्या निघणार होत्या. मिस्टरांनी चहा केला. त्यांच्या हातचा चहा काही पिण्यासारखा नसतो, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. मावशी खुर्चीत बसल्या आणि बसलेल्या आवाजात सांगायला लागल्या: तो उजेड कसा आधी आला, आवाज कसा मागून आला, ते कसं सावकाश उठलं, ढग कसा पेटला. वन्सं सकाळी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. सगळं त्यांनीही पाहिलं होतं, आणि दुर्बिणीतून पाहिलं होतं. आयुष्यात त्यांनी कुणाला एवढा वेळ बोलू दिलं नव्हतं. पण त्या पिशवीवर टेकून ऐकत राहिल्या, आणि मावशी घोट घ्यायला थांबल्या की म्हणायच्या, “बरं. मग? मग काय झालं?”